लंकेची रंगीत तालीम

गडचिरोली जिल्हा नवानवा झाला होता आणि आरमोरीजवळच्या त्या गावात ज्याला त्याला कशाचा तरी अध्यक्ष व्हायचं होतं. केवळरामांच्या वाट्याला श्रीलंका आली.

त्याचं असं झालं की विहारात भन्तेजी आले आणि त्यांनी अनुराधापूरच्या बोधीवृक्षाची गोष्ट सांगितली. संघमित्रेने बुद्धगयेच्या पिंपळाची फांदी समुद्रापार नेली, तेच झाड तिथे अजून उभं आहे. सगळ्यांनी "साधू, साधू, साधू" म्हटलं आणि चहाला उठले. एकट्या बायनाबाई बसून राहिल्या.

"त्या झाडापाशी एक डाव डोकं टेकवीन," त्या म्हणाल्या, "मंग मले काहीच नाई पायजे."

बायनाबाई म्हणजे केवळरामांची थोरली बहीण आणि रंभाची आत्या. आयुष्यात काही मागायची त्यांची ही पहिलीच वेळ. म्हणून पुरुषमंडळींनी ती मागणी ताबडतोब मनावर घेतली, पाच जणांची समिती नेमली आणि समितीतून बायनाबाईंना वगळलं.

"बाई, तुह्ये गुडघे दुखतात," केवळराम प्रेमाने म्हणाले. "आमी जाऊन येतो ना तुह्या नावानं."

"आन् स्वैपाकाले?" कोणीतरी विचारलं.

"पोचू हाय ना. त्याले स्वैपाक येते आन् ट्रंकबी उचलता येते."

एवढ्या दोन गुणांवर घरचा गडी पोचू श्रीलंकेला निघाला. केवळराम अध्यक्ष झाले, कारण वीस वर्षं नाटकात राजाचा पार्ट केल्यामुळे परदेशाचा अनुभव गावात त्यांनाच होता. खुशालचं सायकल दुरुस्तीचं दुकान, म्हणून जहाजाचं खातं त्याच्याकडे. रंभा केवळरामांची पुतणी, नववीत. गॅदरिंगमध्ये भाषणाचा पहिला नंबर आल्यापासून तिला स्वतःचा आवाज फार आवडू लागला होता. पण समितीला तिचा फक्त हात हवा होता. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा पाहून तिने भलीमोठी लंका काढून दिली.

मग तीन बैठका एकाच प्रश्नावर गाजल्या. बेटाला वळसा घालायचा तो डावीकडून की उजवीकडून?

"इचारता काय बे?" केवळराम गरजले. "स्तूपाले आपण कसं फिरतो? उजव्या हाताले ठेवून. बेटबी तसंच. तलाईमन्नारले उतराचं, जाफना, त्रिंकोमाली, खाली गॉल, वर कोलंबो, आन् वापस!"

टाळ्या पडल्या. पेन्सिलची रेघ किनाऱ्याकिनाऱ्याने सुंदर फिरली. रंभाने पाहिलं, ती कुठेही अनुराधापूरला शिवत नव्हती. ताटाच्या मधोमध भात वाढलेला आणि ही मंडळी काठावरच्या चटण्या चाटत फिरणार.

"मोठेबाबा, पण अनुराधापूर तं..."

"पोरी," केवळराम राजाच्या आवाजात म्हणाले, "नकाशा काढाचं काम तुह्यं. वाचाचं आमचं."

बरं बाप्पा. रंभाने तोंड मिटलं. तिचं तोंड इतकं सहज मिटत नाही हे घरात कोणाच्या ध्यानात यायला हवं होतं. घरी आत्या निमूटपणे पोहे निवडत होत्या, पाच जणांच्या प्रवासाचे. रंभाही सूप पुढे ओढून त्यांच्याजवळ बसली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा समितीपुढे उभी राहिली, अगदी गरीब चेहऱ्याने.

"मोठेबाबा, एवढा मोठा दौरा तालमीबिगर करता काय?"

झालं! झाडीपट्टीच्या नाटकवेड्या माणसाला काहीही म्हणा, तालमीबिगर म्हणू नका. रविवारी रंगीत तालीम ठरली. गाव म्हणजे लंका, भोवतालच्या धानाच्या बांध्या म्हणजे समुद्र. नाल्याची पुलिया त्रिंकोमाली झाली, धानगिरणी गॉल झाली. विहारापुढचा पिंपळ अर्थातच बोधीवृक्ष.

"आन् अनुराधापूरचा पार्ट?" रंभाने विचारलं. "तिथी कोणी बसाले पायजे ना सरबत घेऊन."

"बाईले बसव," केवळराम उदारपणे म्हणाले. "तेवढंच तिले लंकेत गेल्यासारखं वाटन."

रविवारी सकाळी बायनाबाई पांढरंशुभ्र लुगडं नेसून पिंपळाखाली बसल्या. शेजारी सरबताची बादली, शिदोरी आणि रंभा. समिती गळ्यात हार घालून निघाली. खुशाल तोंडाने जहाजाचा भोंगा वाजवत होता. मागून पोचू, डोक्यावर ट्रंक.

बातम्या येत राहिल्या. जाफन्याला कुत्रं मागे लागलं. त्रिंकोमालीला चहा झाला. गॉलला गिरणीवाल्याने बिडी पाजली, म्हणून मुक्काम वाढला. आत्या प्रत्येक वेळी पदर सावरून वाटेकडे पाहत. सरबत कोमट झालं.

"येतीन ना वं?"

"येतीन ना, आत्या. बोधीवृक्षासाठीच तं चालले."

उन्हं कलली तेव्हा वेशीकडून आरोळी आली, "लंका झाली!" अर्धं गाव स्वागताला धावलं आणि वाजतगाजत सगळ्यांना विहारापुढे घेऊन आलं. केवळरामांनी हात जोडून भाषणाला तोंड उघडलं.

"कोणती लंका झाली रे, केवळराम?" बायनाबाईंनी बसल्याजागी विचारलं. "मी सकाळपासून अनुराधापूर होऊन बसली. माह्याकडे तं कोणी आलं नाई."

पोचूने ट्रंक हळूच खाली ठेवली.

"तो... नकाशा चुकला," केवळराम म्हणाले. "रंभे, तू काऊन नाई सांगतलं?"

"मोठेबाबा, नकाशा काढाचं काम माह्यं," रंभा भाषणाच्या आवाजात म्हणाली. "वाचाचं तुमचं."

गाव इतकं हसलं की झाडावरचे पोपट उडाले. बायनाबाई मात्र हसल्या नाहीत. गुडघ्यावर हात देऊन उठल्या, सगळ्यांच्या मधून वेशीपर्यंत गेल्या आणि तिथून वळल्या.

"आता पाहा कसं जातेत तं."

त्या सरळ पिंपळाकडे निघाल्या. हळूहळू, मधे एकदा थांबून. मागून अख्खी समिती; एकाचीही पुढे जायची छाती झाली नाही. दिवसभर ज्या झाडाला पाठ टेकून बसल्या होत्या, त्याच झाडापुढे आल्यावर बायनाबाईंनी असं डोकं टेकवलं, जसं ते झाड त्यांना आत्ताच दिसलं. रंभाला टोमणा सुचला होता. तिने तो गिळला.

डोकं वर करून बायनाबाई म्हणाल्या, "संघमित्राले कोणी गुडघे इचारले होते काय? मी चालली. रंभा सोबत येईल, तिले नकाशा वाचता येते."

"आन् आमी, बाई?" केवळरामांचा आवाज एकदम शिपायाच्या पार्टातला झाला.

बायनाबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुले स्वैपाक येते?"

सोमवारी सकाळी केवळरामांच्या अंगणातून करपलेल्या भाताचा वास येत होता. शेजारचे विचारायला आले, तर अध्यक्ष चुलीपुढे डोळे पुसत बसलेले. बाजूला रिकामी ट्रंक. ती दोनदा डोक्यावर घेऊन झाली होती.

"काही नाई," ते फुंकणी उचलत म्हणाले. "तालीम करून राह्यलो."