बाराव्याचा वारा

"अहो, जरा दमानं घ्या. मी लिहितेय," क्लार्कबाई म्हणाल्या.

मी थांबलो. आम्ही गोल्फ क्लबच्या तिसऱ्या होलवर भर उन्हात उभे होतो. त्यांच्या हातात वही होती. माझ्या खांद्यावर बॅग नव्हती, आणि तेच मला सकाळपासून खटकत होतं. तीस वर्षांत या गवतावरून मी रिकाम्या खांद्यानं कधी चाललो नव्हतो.

"डावीकडे, म्हणालात," त्या म्हणाल्या.

"डावीकडे मारायचंच नाही. डावीकडे जागा मोठी दिसते, म्हणून सगळे पाहुणे हौसेनं तिकडेच मारतात आणि मग अर्धा तास झुडपांत वाकून बॉल शोधतात. उजव्या बंकरच्या टोकावर नेम धरायचा. जमीन तिकडून आत उतरते. बॉल आपला आपण मधे येतो."

"बंकर म्हणजे तो वाळूचा खड्डा ना?"

हात्तिच्या! ऑफिसात दहा वर्षं काढली बाईंनी, आणि बंकर माहीत नाही. पण चूक त्यांची नव्हती. सेक्रेटरीसाहेबांनी हुकूम सोडला होता: अठराही होल कसे खेळायचे, याची खिशात मावेल अशी पुस्तिका काढायची. अंतरं मशीननं मोजून झाली होती. "पण खाचाखोचा तुझ्या डोक्यात आहेत," साहेब मला म्हणाले होते, "त्या सगळ्या कागदावर उतरव." मी दारापर्यंत पोचलो, तेव्हा मागून म्हणाले, "आणि डोळे दाखव बाबा कुणाला तरी. परवा पाहुण्यांचा बॉल तुझ्या पायाशी पडला होता आणि तू झुडपं चाळत होतास."

ते खरं होतं.

मला इथे सगळे मोजणी म्हणतात. काम कॅडीचं. खेळणाऱ्याच्या काठ्यांची बॅग उचलायची आणि किती लांब, कुठली काठी, कुठे उतार, ते सांगायचं. बाकीचे कॅडी नजरेनं अंदाज बांधतात. मी पावलं मोजत आलो. माझं एक पाऊल म्हणजे एक यार्ड, त्यात फरक नाही. बायको म्हणते, हा माणूस पाणी प्यायला उठला तरी माठापर्यंत मोजत जातो.

डोळे मी दाखवले होते. डाव्यानं नुसता उजेड कळतो. उजव्यात बरोबर मधे एक डाग आहे. जे बघायला जावं ते नेमकं त्या डागाखाली जातं, आजूबाजूचं तेवढं दिसतं. "आहे ते टिकवू, गेलेलं येणार नाही," असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. हे फक्त बायकोला ठाऊक होतं. ग्रीनचे, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीचे, उतार मला तळपायांना कळतात, बॉल कुठे गेला ते फटक्याच्या आवाजावरून कळतं, म्हणून आजवर निभावलं होतं.

त्या दिवशी अकरा होल सांगून झाले. संध्याकाळी बायको माझ्या डोळ्यांत औषध घालत होती.

"उद्या राहिलेले सात," मी म्हणालो.

"सगळे सांगणार?"

"मग? साहेबांनीच सांगितलंय."

"आणि सगळं पुस्तकात गेल्यावर तुम्हाला कशाला ठेवतील? शोभेला?"

मी दुसरा डोळा पुढे केला.

"बॉल शोधता येत नाही तुम्हाला. तुमच्याजवळ आहे ते एवढंच, माहिती. ती पण देऊन टाका. मग बसा घरी माझ्या तोंडाकडे बघत. तेही दिसायचं नाही."

बोलताना थेंब डोळ्यात न पडता माझ्या गालावर पडला. तिनं पदरानं पुसला आणि तशीच उभी राहिली. ती भांडत नव्हती, घाबरली होती. मीही घाबरलो होतो.

दुसऱ्या दिवशी बाराव्या होलवर आलो.

बारावा दिसायला अगदी साधा. समोर तळं, पलीकडे ग्रीन, बायकांच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, एकशे दहा यार्ड. मागे उंच झाडांची रांग आहे, तिच्या आडोशाला झेंडा मेल्यासारखा लोंबतो. बघणाऱ्याला वाटतं, वारा नाही. पण वर, बॉल जिथून जातो तिथे, वारा थेट तोंडावर येतो. खाली उभ्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. बॉल छान उंच जातो, सगळे वा वा म्हणतात, आणि तो डुबकन पाण्यात पडतो. हे कळायला मला सहा वर्षं लागली. मशीनला जन्मात कळणार नाही.

"बारावा?" क्लार्कबाईंनी पेन सरसावलं.

"एकशे दहा," मी म्हणालो. "जेवढं अंतर तेवढीच काठी. वाऱ्याचा विचार करू नका. वारा इथे लागत नाही."

"वारा लागत नाही," त्यांनी लिहिलं. "हा सोपा आहे की!"

"हो," मी म्हणालो. माझा हिशेब असा होता: पुस्तिका वाचून दहा जण पाण्यात पडतील, शिव्या देतील, आणि मग म्हणतील, बोलवा रे त्या मोजणीला. बाकी सतरा मी खरेखुरे सांगितले. त्यात खोटं बोलायला तोंडच उघडेना.

महिन्याभरात पुस्तिका आली. हिरवं गुळगुळीत कव्हर, आत माझं बोलणं. माझं नाव कुठेच नव्हतं. बाराव्यावर लोक पाण्यात पडत होते, पण दोष पुस्तिकेला नाही, आपल्याच हाताला देत होते. कॅडी निम्म्यानं कमी केले. मी राहिलो तो फक्त डॉक्टरीणबाईंमुळे.

डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर, वय एकाहत्तर. सव्वीस वर्षं मी त्यांचीच बॅग उचलत होतो. त्या मला विचारायच्या आणि मी देईन ती काठी नंबरही न बघता घ्यायच्या. कमिटीत त्या उभं राहून म्हणाल्या होत्या, "तो नसेल तर मीही येणार नाही." माझे डोळे किती गेलेत हे त्यांना कळलं नसेल, अशी मी आपली स्वतःची समजूत घातली होती. दातांच्या डॉक्टर त्या, डोळ्यांचं त्यांना काय कळणार!

वर्षातून एकदा ज्येष्ठ बायकांचा कप असतो. तीनदा तो बाईंच्या हातातोंडाशी येऊन गेला होता. त्या दिवशी सकाळी गुडघ्यांना पट्टे बांधताना म्हणाल्या, "मोजणी, यंदा शेवटचं. पुढच्या वर्षी हे गुडघे मला इथवर आणायचे नाहीत."

"आणा की यंदाच कप," मी म्हणालो.

आणि बाई खेळल्या! या खेळात ज्याचे फटके कमी तो पुढे; अकरा होल झाले तेव्हा त्या एका फटक्यानं पुढे होत्या. बरोबर खेळायला दुसऱ्या नंबरवरच्या, बँकेत काम केलेल्या बँकवाल्या बाई होत्या, आणि नियम सांभाळायला सेक्रेटरीसाहेब स्वतः चालत होते. मला इतका आनंद झाला होता की पुढे बारावा आहे हे मी विसरूनच गेलो होतो.

टीवर आलो. मी कान दिले. तळ्यापलीकडे झाडांचे शेंडे सळसळत होते. बँकवाल्या बाईंना कसलीच फिकीर नसायची, त्या नेहमी हाताला येईल ती मोठी काठी घेऊन दणका द्यायच्या. त्यांचा बॉल पलीकडे ग्रीनवर जाऊन पडला.

"बाई, पाच नंबर," मी म्हणालो. काठीचा नंबर जितका लहान तितका बॉल लांब जातो.

"पाच? एकशे दहाला?" त्या झेंड्याकडे बघत होत्या. "पानसुद्धा हलत नाहीये रे."

"वर आहे वारा. पाच घ्या."

आजवर माझ्यासमोर कधी न उघडलेली हिरवी पुस्तिका त्यांनी खिशातून काढली. "हे बघ, तूच सांगितलंयस. जेवढं अंतर तेवढीच काठी. म्हणजे माझी सात नंबर." मग हळूच, साहेबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "मला ठाऊक आहे, आता तुला नीट दिसत नाही. पण हे सांगितलंस तेव्हा तू सगळा विचार करून सांगितलंस ना? मग मी त्याच मोजणीचं ऐकते."

साहेब दोन पावलांवर उभे होते. एक वाक्य बोललो की कामावरून गेलो. मी बॅग पुढे केली. बाईंनी आपल्या हातानं सात नंबर काढली.

फटका स्वच्छ बसला, आवाजावरूनच कळलं. बँकवाल्या बाई "वा!" म्हणाल्या. मग डुबुक.

"माझंच चुकलं," बाई लगेच म्हणाल्या. "हात हलका पडला."

"पुस्तिका बरोबर आहे, बाई. जोर कमी पडला," साहेब म्हणाले. "मोजणी तर तुम्हाला भलतंच काही देत होता."

दंडाचा एक फटका धरून बाईंना तिथूनच पुन्हा मारायचं होतं. दुसरा बॉल त्यांनी ठेवला आणि हात मागे केला. "सातच दे. आता नीट मारते."

मी सात नंबर घट्ट धरून ठेवली. त्यांनी ओढली, मी सोडली नाही. गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. फटका कमी पडला, हात हलका पडला, म्हातारपण, सगळी कारणं तयार होती. पण हा बॉलही पाण्यात गेला असता, आणि त्या पुन्हा म्हणाल्या असत्या, माझंच चुकलं.

"नको बाई," मी म्हणालो. "पुस्तकातलं खोटं आहे. मी मुद्दाम खोटं सांगितलं."

साहेबांची पावलं जवळ आली.

"माझ्यावाचून तुमचं अडावं म्हणून सांगितलं. पाच घ्या. पाया पडतो, पाच घ्या."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं असावं. त्यांचा चेहरा माझ्या डागाखाली होता. मग त्यांनी पाच नंबर घेतली. बॉल तळ्यावरून गेला आणि गवतावर पडल्याचा मऊ आवाज आला. तिथून दोन फटक्यांत बॉल खळग्यात. दंड धरून पाच फटके झाले. बँकवाल्या बाईंचे तीन.

"खेळ संपला की कॅडीचा बिल्ला जमा कर," साहेब मला म्हणाले.

तेराव्यावर मी सवयीनं तोंड उघडलं. बाईंनी हात वर केला.

"बाकीचे?" त्यांनी विचारलं.

"खरे आहेत. बाकी सतरा अगदी खरे आहेत, बाई."

त्यांनी मान हलवली, पुस्तिका उघडली आणि वाचून काठी मागितली. काठी बरोबर होती. चौदाव्यावरही तेच. पंधराव्यावरही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला काही विचारलं नाही. मी मागून पावलं मोजत होतो आणि मनात म्हणत होतो, विचारा हो, एकदा तरी विचारा. त्या माझीच वाक्यं हलक्या आवाजात वाचायच्या आणि तसंच खेळायच्या. एकही चूक होत नव्हती. अठराव्याच्या ग्रीनवर तर मोठ्यानं वाचलं, "डोळ्यांना काहीही दिसो, उतार पंपघराकडेच आहे." बॉल वळून सरळ खळग्यात गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाई एका फटक्यानं हरल्या.

नंतर त्या बाहेरच्या बाकावर पट्टे सोडत बसल्या होत्या. मी काठ्या पुसल्या, सगळ्या बॅगेत लावल्या. बिल्ला काढून हातात घेतला होता.

"मला सांगायचंस, मोजणी," त्या म्हणाल्या.

"भीती वाटली, बाई."

"मला सांगायची भीती?"

डोळे भरून आले. नाही तरी त्यांचा दुसरा उपयोग राहिला नव्हता.

पान उलटल्याचा आवाज आला, मग पेनाचं टोपण निघाल्याचा. "नवीन छापायच्या आधी हे दुरुस्त करायला हवं. नाहीतर कुणी ना कुणी रोज पाण्यात पडेल. सांग बाराव्याचं. खरं काय ते."

जगात फक्त मलाच ठाऊक असलेली तेवढी एकच गोष्ट उरली होती. मी बिल्ला मुठीत दाबून धरला. मग बाकाजवळ खाली बसलो.

"लिहा," मी म्हणालो. "झेंड्याकडे बघू नका. तळ्यापलीकडच्या झाडांचे शेंडे ऐका. सळसळ असेल तर काठी दोन नंबरांनी खाली घ्या, सातच्या जागी पाच. नसेल तर एका नंबरानं, म्हणजे सहा."

"सळसळ नसेल तरी?"

"वारा तिथे थांबत नाही, बाई. नुसता कमी होतो."

त्यांनी सावकाश लिहून घेतलं. "आणखी काही?"

"नाही," मी म्हणालो. "एवढंच होतं."