काळ्या टी-शर्टांचा संप

तात्याराव मेश्रामांचा आवाज मोठा होता, आणि आता तो कुणाच्याच कामाचा उरला नव्हता. चिंचवडच्या पंपांच्या कारखान्यात ते युनियनचे सेक्रेटरी होते, तेव्हा त्यांना माइक लागत नसे. ते गेटवर बोलू लागले की आत लेथवरचा माणूस मान वर करी. पुढे उदारीकरण आले. सरकार उदार झाले, बँका उदार झाल्या, आणि कारखान्याचा मालक तर इतका उदार झाला की त्याने सगळ्या कामगारांना कायमची सुट्टीच देऊन टाकली. कारखान्याच्या जागी आता मॉल आहे. व्यायाम होत नाही म्हणून हळहळणारे लोक तिथे सरकत्या जिन्याने वर जातात.

भंडाऱ्याहून आलेले हे कुटुंब कसबा पेठेत दोन खोल्यांत राहत होते. तात्यारावांचा आवाज आता भाजीवाल्यापुरता उरला होता. "अहो, कोथिंबीर मागताय, बोनस नव्हे," असे त्यांच्या पत्नी ललिताबाई त्यांना मंडईत सगळ्यांदेखत सुनवत.

त्यांची मुलगी मैत्री हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. कंपनीला कंपनी म्हणायचे नाही, कुटुंब म्हणायचे, असे तिथे भिंतीवरच लिहिले होते. मग अमेरिकेतल्या बँका बुडाल्या. त्याची शिक्षा कुणाला तरी व्हायला हवी, म्हणून हिंजवडीतल्या कुटुंबाने शनिवारवाड्याहून सुटणारी कंपनीची बस बंद केली. तशी मेल आली. 'आपल्या प्रत्येकाच्या स्वावलंबनावर आमचा पूर्ण विश्वास आहे,' असे त्यात होते. मैत्री दोन पीएमट्या बदलून स्वावलंबनाने जाऊ लागली आणि रात्री जेवता जेवता पेंगू लागली.

"तुम्ही लोक काही बोलत काहून नाही?" एकदा तात्यारावांनी विचारले.

"बाबा, आमच्यात तसं नसतं."

"मग कसं असतं?"

मैत्रीने ते ऑफिसात हसत हसत सांगितले आणि त्यांचा सल्ला घ्यायला रविवारी सकाळी तिची अख्खी टीम कसबा पेठेत हजर झाली. सगळ्यांत पुढे टीम लीड सुदर्शन. ललिताबाईंनी पोहे केले. तात्यारावांनी इस्त्रीचा सदरा घातला. किती वर्षांनी त्यांच्यासमोर सभा बसली होती!

"पहिलं म्हणजे मागण्या," ते म्हणाले.

"काका, मागण्या हा शब्द थोडा अग्रेसिव्ह वाटतो," सुदर्शन नम्रपणे म्हणाला. "आपण सजेशन्स म्हणू या?"

"म्हणा. नाही ऐकलं तर संप."

एकाने पोह्यांतला शेंगदाणा खूप लक्ष देऊन चावला.

"संप नको. सगळ्यांनी लंच ब्रेक थोडा लांबवला तर?" सुदर्शनने विचारले.

"मागण्या नाही, संप नाही. घोषणा तरी देणार, की भजन म्हणायचं?"

शेवटी ठरले असे, की सगळ्यांनी काळे टी-शर्ट घालून सकाळी गेटबाहेर मूकपणे उभे राहायचे. बस सुरू होईपर्यंत कुणीही आत जायचे नाही. तात्यारावांनी सोमवार सुचवला.

"सोमवारी फॉर्मल्स असतात काका," सुदर्शन म्हणाला. "टी-शर्ट फक्त शुक्रवारी चालतो."

ज्यांच्याविरुद्ध लढायचे त्यांचाच पोशाखाचा नियम पाळून लढायचे, हे तात्यारावांना नवीन होते. पण काळ बदलला असेल, असे म्हणून त्यांनी शुक्रवार मान्य केला.

शुक्रवारी ते मैत्रीबरोबरच हिंजवडीला गेले. गेटवर काळ्या टी-शर्टांची अशी गर्दी होती, की त्यांचा ऊर भरून आला. ते मोठा श्वास घेणार, तोच काचेच्या दारातून एचआरच्या मॅडम बाहेर आल्या. त्यांच्याही अंगात काळा टी-शर्ट.

"हॅपी ब्लॅक टी-शर्ट डे, एव्हरीबडी! आत पिझ्झा आलाय. आधी ग्रुप फोटो!"

कुणी कळवले होते ते कधीच बाहेर आले नाही. कुटुंबात गोष्टी लपत नाहीत. लोक एकमेकांकडे बघू लागले. पहिला सुदर्शन हसला. मग सगळे हसले, फोटोसाठी तीन रांगांत उभे राहिले आणि आत गेले. मैत्री मागच्या रांगेत होती. आत जाताना तिने वडिलांकडे पाहिले नाही.

तात्याराव रस्त्याच्या कडेला सिमेंटच्या कठड्यावर टेकले. मालकाने त्यांना लाठ्या दाखवल्या होत्या, पोलीस दाखवले होते. पिझ्झा कधी दाखवला नव्हता. त्यावर काय करतात ते त्यांना माहीत नव्हते.

"सायेब, तुमी भाषण करनार व्हता ना?"

समोर खाकी कपड्यांतला माणूस उभा होता. हा पोपट, शनिवारवाड्याच्या बसचा ड्रायव्हर. बस गेली तशी त्याची नोकरीही गेली होती, आणि कंपनीच्या बाकीच्या मार्गांवरच्या गाड्यांचे निम्मे ड्रायव्हर महिनाअखेर जाणार होते. "ही पार्किंग हाय न्हवं, हितं माज्या चुलत्याचा ऊस असायचा," त्याने सहज सांगितले. "आता हितं गाडी लावायला बी पास लागतोय. बोला की. आमी ऐकतो."

त्याच्यामागे आणखी ड्रायव्हर आले. तात्याराव उठले आणि बोलले. तो आवाज काचांवर आदळून परत आला. चौथ्या मजल्यावर काही माणसे खिडकीशी आली. भाषण संपले तेव्हा ड्रायव्हरांनी गाड्या जिथल्या तिथे लावल्या, किल्ल्या खिशात टाकल्या आणि झाडाखाली जाऊन बसले. त्यांना सजेशन्स हा शब्द सुचला नाही.

दुपारी मैत्री खाली आली. टी-शर्टवर चीजचा डाग होता.

"बाबा, सरका थोडे," ती म्हणाली आणि कठड्यावर बसली. नखाने ती तो डाग खरवडू लागली. "मी फोटोत हसलेय," मग ती म्हणाली.

"फोटोत हसतातच, पोरी."

ती परत वर गेली नाही.

संध्याकाळी ऑफिस सुटले आणि अख्खे कुटुंब फुटपाथवर आले. एकही गाडी हलेना. सुदर्शन तात्यारावांकडे धावत आला. "काका, हे बरोबर नाही! लोकांना घरी जायचंय. असं वेठीला धरणं योग्य आहे का?"

"बसच पाहिजे होती ना तुम्हाला?"

"हो, पण अशी नाही!"

सोमवारी अमेरिकेहून क्लायंट येणार होते. त्यांना गेटपाशी झाडाखाली बसलेले लोक दाखवणे कंपनीला परवडणारे नव्हते. रविवारी दुपारी कंपनीला गाड्या पुरवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरने ड्रायव्हरांना बोलावले. शनिवारवाड्याची बस परत आली, पोपटही परत आला. निम्मे जाणार होते ते वाचले. दोघांना मात्र कुठलेही कारण न देता काढलेच, आणि त्यांच्यासाठी तात्याराव अजून खेटे घालत आहेत. कंपनीची मेल आली, की कर्मचाऱ्यांच्या रचनात्मक सूचनांचा मान राखून बससेवा पूर्ववत करण्यात येत आहे. त्या तिमाहीत पुढाकार घेतल्याबद्दल सुदर्शनला चषक मिळाला.

मैत्रीला एचआरच्या मॅडमनी प्रेमाने बोलावून घेतले. ती टीममध्ये मिसळत नाही, असे तिच्या मूल्यमापनात लिहिले गेले, आणि बढती पुढच्या वर्षावर गेली.

"मग काय म्हणालीस?" तात्यारावांनी धास्तावून विचारले. स्वतःच्या नोकरीची त्यांना कधी एवढी भीती वाटली नव्हती.

"म्हटलं, ड्रायव्हर लोकांत मिसळते. तेही लिहा."

ललिताबाईंनी कपाळावर हात मारला आणि तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

आता शनिवारवाड्याहून बस निघते तेव्हा मागे सगळे कानांत वायरी घालून झोपलेले असतात. मैत्री पुढे पोपटशेजारच्या बाकड्यावर बसते. काढून टाकलेल्या दोघांपैकी एकाला कुठे काम लागेल का, यावर तिचे आणि पोपटचे बस वाकडला पोचेपर्यंत बोलणे चालते.