सोमवारची ओळ

मंगळवारी संध्याकाळपासून माझ्या सासऱ्यांच्या पायाला भिंगरी लागली. त्याआधीचे दोन दिवस ते शहाण्यासारखे बाल्कनीत बसून होते. समोर निळं पाणी, हातात चहा, आणि पांढरे काकाकुवे बिस्किटं पळवतात म्हणून पुड्यावर टॉवेल झाकलेला. मला वाटलं होतं, घरातला एक माणूस तरी सुट्टी म्हणजे काय ते जाणतो.

मंगळवारी यतिन, इशानी आणि मी दिवसभर रीफवर प्रवाळ बघायला गेलो होतो. बाबा आले नव्हते, त्यांना बोट लागते. परत येऊन बघते तर ते लॉबीतल्या अ‍ॅक्टिव्हिटीज डेस्कपाशी रांगेत उभे, हातात रिसॉर्टचं पत्रक आणि खिशाला पेन. माणूस तीस वर्षं स्वारगेटला एसटीचा वाहतूक नियंत्रक होता. जेवणाआधी त्यांनी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने रेघा मारून आमच्या उरलेल्या सुट्टीचं वेळापत्रक तयार केलं. रकाने चार : वेळ, ठिकाण, कार्यक्रम, सोबत.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, शाळांना सुट्ट्या, त्यामुळे बेटावर रोज जत्राच होती. वाळूच्या किल्ल्यांची स्पर्धा, शंखातल्या खेकड्यांची शर्यत, नारळ सोलायचं प्रात्यक्षिक, लांब होडीतून वल्हवणं, सूर्य मावळताना मुलांची कंदिलांची मिरवणूक. देवमाशांचा सीझन संपत आलेला, म्हणून त्यांच्याही शेवटच्या फेऱ्या चालू होत्या. बाबांनी यातलं काहीच सोडलं नव्हतं. आणि 'सोबत'च्या रकान्यात प्रत्येक ओळीत एकच नाव होतं, मयूरा. म्हणजे मी.

"इशानीला न्या ना बाबा," मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. कागदाची खालची पट्टी त्यांनी दुमडून टाचणीने बंद केली होती. तिथे औषधांच्या वेळा असतील, असं मी धरून चालले.

माझं मन थाऱ्यावर असतं तर मला हे सगळं गमतीचं वाटलं असतं. पण ते नव्हतं. डाव्या स्तनात एक गाठ लागली होती आणि आदल्या गुरुवारी मी बायोप्सी करून आले होते. घरी सांगितलं, दाताकडे जाते. रिपोर्टचं आम्ही फोन करून कळवू, मंगळवार-बुधवार होईल, असं क्लिनिकने सांगितलेलं. बेटाचं बुकिंग तीन महिने आधीचं. यतिनला सांगितलं असतं तर त्याने सगळं रद्द केलं असतं, रात्ररात्र इंटरनेटवर वाचत बसला असता आणि मलाच त्याला धीर द्यावा लागला असता. बाबांना सांगायचा प्रश्नच नव्हता. दोन वर्षांपूर्वी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या, तेव्हापासून ते पुणं सोडून आमच्याकडे परदेशात, स्प्रिंगफील्ड लेक्सला आहेत, आणि आई कशाने गेल्या ते घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. म्हणून मी तोंड मिटून घेतलं. आमच्यात हे असंच चालतं. कुणाला उगाच काळजी नको, म्हणून ज्याची त्याने गिळायची.

या बेटावर जेलीफिशपासून वाचायला अंगभर सूट घालायचा सल्ला असतो तो नोव्हेंबरपासून. मी सप्टेंबरातच मागून घेतला, कारण स्विमसूटमधून काळंनिळं झालेलं दिसलं असतं. यतिनने माझा फोटो काढला आणि म्हणाला, अगदी पोत्यात भरल्यासारखी दिसतेस. मी हसले. हसता हसता फोनकडे बघितलं. रीफवर रेंज नव्हती.

बुधवारी फोन आला नाही. गुरुवारीही नाही. मी स्वतः लावू शकत होते, नंबर पाठ झाला होता. पण मला धाडस होत नव्हतं. कळलेलं नव्हतं तोवर मी इशानीची आई होते, यतिनची बायको होते. कळल्यावर कोण असणार होते, कुणास ठाऊक. भीती वाटत होती, सरळ सांगते.

आणि अशा अवस्थेत मला खेकड्यांच्या शर्यतीला जावं लागलं. वाळूत एक मोठं वर्तुळ, मधे बादली उपडी केलेली, बादली उचलली की खेकडे बाहेर धावणार. बाबांनी आमच्यासाठी सात नंबरचा खेकडा निवडला. तो शंखात शिरून बसला तो बसलाच. बाबा गुडघ्यांवर बसून त्याला म्हणत होते, चल रे बाबा, फलाट सोड. आजूबाजूचे लोक हसत होते. मी पुन्हा फोन काढला तर ते लगेच म्हणाले, इकडे बघ, आत्ता निघेल. त्यानंतर नारळ सोलणं, त्यानंतर वल्हवणं. वल्ही मारून माझा डावा खांदा भरून आला आणि मला रडू फुटायच्या बेतात होतं. बाबा बसू म्हणून देत नाहीत. मी जरा आरामखुर्चीत टेकले की हे समोर हजर, मयूरा, सव्वातीन झाले.

गुरुवारी संध्याकाळी कंदिलांच्या मिरवणुकीआधी मी फाटकन बोलले. म्हटलं, तुम्हाला स्वस्थ बसता येत नसेल तर नका बसू, पण मला जरा माझी माझी राहू द्या, मी काही तुमच्या डेपोची गाडी नाही. सासऱ्यांशी मी आठ वर्षांत असं कधी बोलले नव्हते. इशानी कंदिलाची काडी धरून बघतच राहिली. बाबांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, बरं. मिरवणुकीत ते इशानीबरोबर चालले. मी मागून चालले, आणि माझीच मला लाज वाटली.

खोलीत यतिन म्हणाला, "तू बाबांवर का चिडतेस यार? आई गेल्यापासून पहिल्यांदा ते एवढे एन्जॉय करतायत."

मी म्हटलं, मी दमलेय. ते खोटं नव्हतं.

शुक्रवारच्या ओळीत देवमाशांची फेरी होती. सकाळी साडेआठ, जेटी, सोबत मयूरा. यतिन आणि इशानी वाळूच्या किल्ल्याच्या स्पर्धेत उतरणार होते. मला वाटलं होतं, बाबा आता विचारणार नाहीत. पण सव्वाआठला दारावर टकटक झाली. बाहेर ते टोपी घालून उभे, एका हातात आलेपाकाची पुडी.

"बाबा, तुम्हाला बोट लागते."

"लागू दे."

आदल्या संध्याकाळच्या बोलण्याचं ओझं होतं, म्हणून गेले.

बोटीवर वीसेक माणसं होती. बंदर सुटल्यावर अर्ध्या तासात फोनवरच्या रेंजच्या रेघा एकेक करून गेल्या. माझा जीव टांगणीला. आज शुक्रवार, आज नक्की येणार, आणि मी इथे पाण्यात. बाबा कठड्याला धरून बसले होते, चेहरा पांढराफटक, तोंडात आलेपाक. मी फोन हवेत उंच धरला, बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"ठेव तो फोन आता. त्यांचा फोन येणार नाही."

"कुणाचा?"

"क्लिनिकचा."

मी खाली बसले.

ते समोरच्या पाण्याकडे बघत बोलत राहिले. मंगळवारी दुपारी ते बाल्कनीत असताना त्यांचा फोन वाजला होता. अनोळखी नंबर उचलायचा नाही, फसवणारे लोक असतात, असं यतिनने त्यांना पढवून ठेवलंय, म्हणून त्यांनी दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला. नर्स होती. मयूराचा फोन लागत नाही आणि तिच्या व्हॉइसमेलला जागा नाही म्हणाली. आजार काय, रिपोर्ट काय, तिने एक अक्षर सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, की डॉक्टरांना मयूराला समोरासमोर भेटायचंय, आणि ती शहरात कधी परत येईल ते विचारलं.

तो नंबर मीच दिला होता. क्लिनिकच्या फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाचा नंबर हवा होता. यतिनचा दिला तर त्याला कळणार, म्हणून बाबांचा लिहिला, ते अनोळखी फोन उचलत नाहीत या भरवशावर. आणि व्हॉइसमेल तर वर्षभर रिकामा केलेला नाही. म्हणजे सगळ्या दारांना कड्या मी माझ्या हाताने घातल्या होत्या.

"तीन दिवस," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, शेजारच्या बाईने वळून पाहिलं. "तीन दिवस तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला खेकडे दाखवत होतात?"

"डॉक्टरीणबाई रविवारपर्यंत रजेवर आहेत. मी विचारून घेतलं. आधीची वेळ नव्हतीच. मग तुला मंगळवारी सांगितलं असतं तर काय केलं असतंस? खोलीत बसून राहिली असतीस."

"तो निर्णय माझा होता, बाबा."

"हो," ते म्हणाले. "तुझाच होता. चुकलं माझं."

मला त्यांच्याशी भांडायचं होतं आणि समोरचा माणूस भांडायलाच तयार नव्हता. त्यांनी आलेपाकाची वडी माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही.

मग ते आईंबद्दल बोलले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"रेखाचा रिपोर्ट यायचा होता तेव्हा आम्ही हर्णैला होतो, पाच दिवस. तिला डॉल्फिन बघायला होडीतून जायचं होतं. रोज म्हणायची. मी म्हणायचो, आधी रिपोर्ट येऊ दे, मग निवांत मनाने जाऊ. पाच दिवस मी तिला खोलीत बसवून ठेवलं, फोनच्या शेजारी. मग रिपोर्ट आला आणि मग वेळच मिळाला नाही." त्यांनी टोपी सारखी केली. "एवढ्या गाड्या वेळेवर सोडल्या मी आयुष्यात. ती एक होडी सुटली."

राग होता तो होताच, पण आता तो नुसता त्यांच्यावर राहिला नव्हता. मी तरी काय केलं होतं? यतिनला बाजूला ठेवून मीही त्या फोनच्या शेजारीच बसून होते.

तेवढ्यात बोटीच्या डाव्या बाजूला गलका झाला. पुढे शे-दोनशे फुटांवर पाण्यातून वाफेसारखा फवारा उडाला, मग त्याच्या शेजारी एक छोटा. माईकवरची मुलगी सांगत होती, आई आणि पिल्लू, थंड पाण्याकडे परत निघालेत, वाटेत विसाव्याला थांबलेत. काळी, ओली, भली थोरली पाठ वर आली आणि सावकाश खाली गेली. पिल्लाला सावकाश काही जमत नव्हतं, ते आपटत होतं, उलटं होत होतं, आईच्या अंगावर चढत होतं. बाबा उठून उभे राहिले. उलटी होईल म्हणून एका हाताने तोंड दाबलेलं आणि दुसऱ्या हाताने ते मला दाखवत होते, ते बघ, ते बघ. मी बघत होते. दहाएक मिनिटं मी फोनला हात लावला नाही. आठवड्यात तेवढीच.

परतीच्या वाटेवर त्यांना दोनदा ओकारी झाली. मी पाठ चोळली, पाणी दिलं. जरा बरं वाटल्यावर त्यांनी खिशातून वेळापत्रक काढून माझ्या हातात दिलं, स्वतःच टाचणी काढून. खालची पट्टी उलगडली. शनिवारच्या परतीच्या बोटीखाली आणखी एक ओळ होती, त्याच नीटनेटक्या अक्षरात. सोमवार, सकाळी १०.२०, क्लिनिक. घरातून ९.३५ ला निघणे. सोबतच्या रकान्यात तोवर सगळीकडे माझं नाव होतं. इथे लिहिलं होतं, पद्माकर. म्हणजे बाबा.

"तू नको म्हणालीस तर मी बाहेर गाडीत बसेन," ते म्हणाले.

बंदर दिसायला लागलं. फोनवर एक रेघ आली, मग दुसरी, मग तो थरथरला. क्लिनिक नव्हतं, इशानी होती, यतिनच्या फोनवरून. वाळूच्या किल्ल्याचा फोटो आणि खाली, थर्ड प्राइज, मम्मा, व्हेअर आर यू. मी बाबांच्या खिशातलं पेन घेतलं आणि सोमवारच्या ओळीत पद्माकरच्या पुढे स्वल्पविराम देऊन यतिन लिहिलं. बोट हलत होती, अक्षर वेडंवाकडं आलं. बाबांनी ते वाचलं आणि ते उठून कठड्याच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभे राहिले.

मी यतिनला फोन लावला. मागे मुलांचा आरडाओरडा चालू होता.

"काय गं, दिसला का देवमासा?"

"दिसला," मी म्हटलं. "यतिन, इशानीपासून जरा बाजूला ये. मला तुला काहीतरी सांगायचंय."