घोडेबदलचं लांब टेबल

प्रत्येक ‘छान’मागे टेबल एका खुर्चीएवढं लांब होत होतं, आणि कुमुदिनीबाईंच्या ते सूप संपायच्या आत लक्षात आलं.

आले तेव्हा टेबल दोघांचंच होतं. या टोकाला बाई, त्या टोकाला त्र्यंबकराव, मध्ये मिठाची बाटली. हात लांबवला तर नवऱ्याच्या कॉलरवरचा दोरा काढता येईल एवढंच अंतर. मग वेटर आला. तुळाजी त्याचं नाव, साठीच्या पुढचा, कमरेला लाल पट्टा. त्याने वाकून विचारलं, “साहेब, सूप कसं आहे?”

सूप गार होतं. नुसतं गार नव्हे, वर साय धरली होती. बाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्र्यंबकराव म्हणाले, “छान.”

टेबल करकरलं. मिठाची बाटली बाईंपासून हातभर लांब गेली आणि तिच्यामागे नवराही गेला, खुर्चीसकट. मधे जी जागा झाली तिथे तुळाजीने बाजूला एक खुर्ची आणून लावली. त्या खुर्चीवर हॅट घातलेला एक गोरा म्हातारा आधीपासूनच बसलेला होता. तो कटलेट खात होता.

“अहो,” बाई म्हणाल्या, “तुम्ही मागे गेलात.”

“जागा ऐसपैस आहे,” त्र्यंबकराव म्हणाले.

आता हा माणूस असाच. घरावर वीज पडली तरी म्हणेल, उजेड बरा पडला. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, त्याच निमित्ताने बाईंनी हे जेवण ठरवलं होतं. हॉटेलचं नाव घोडेबदल. घाटाच्या पायथ्याशी पूर्वी टांग्यांचे घोडे इथे बदलायचे, साहेब लोक तेवढ्यात एक पेला रिचवायचे, तेव्हापासूनची ही जागा. भिंतीवर नाल, लगाम, रिकिबी. मेनूकार्डात पदार्थ दीड पान आणि इतिहास सहा पानं. दारावर पाटी होती, ‘इथे जेवण हा एक अनुभव आहे.’ ती वाचूनच बाईंच्या कपाळाला आठी पडली होती. अनुभव! मग घरी आम्ही दोन वेळा जेवतो तो काय अपघात असतो?

त्यांनी तुळाजीला हाक मारली. “हे सूप गार आहे.”

“हो मॅडम,” तुळाजी म्हणाला. वाटी उचलून घेऊन गेला आणि मिनिटभरात परत आला. वाफाळतं सूप, वर लोण्याचा तुकडा. सांगितलं आणि झालं, इतकं सोपं. पण त्र्यंबकरावांपुढची साय धरलेली वाटी तशीच होती आणि ते ती मन लावून संपवत होते.

“त्यांचंही बदला.”

“तुमच्या वाटीचं तुम्ही बोललात, मॅडम. साहेबांच्या वाटीचं साहेबांनी बोलायचं. साहेब छान म्हणाले.”

“ते काहीही म्हणतात!”

“मग ते बसतील तसेच,” तुळाजी म्हणाला आणि कटलेट आणायला गेला.

कटलेट आलं. सुरी लागेना. बाईंनी ते बशीवर आपटून दाखवलं तर बशीला तडा गेला. तुळाजीने बशी आणि कटलेट दोन्ही बदलून दिलं. तिकडे त्र्यंबकराव दाढेखाली काहीतरी करकर चावत होते. बाईंनी डोळ्यांनी खुणावलं, भुवया उडवल्या, टेबलाखालून लाथ मारायला पाय लांब केला, तो पोचला नाही.

“साहेब, कटलेट?”

“छान आहे. खमंग.”

दोन शब्द, दोन खुर्च्या. एकीवर मुंडावळ्या बांधलेली नवरी, दुसरीवर खाकी अर्ध्या चड्डीतला जुन्या काळचा हवालदार. दोघं मान खाली घालून जेवत होती. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“जरा तरी खरं बोला हो!” त्या ओरडल्या. आता ओरडावंच लागत होतं.

“कशाला कुणाचं मन दुखवायचं, कुमुद?” तिकडून उत्तर आलं. “केलंय बिचाऱ्यांनी कष्ट करून.”

कष्ट! दगड तळायला कसले कष्ट? पण बाईंना ठाऊक होतं हे कुठून येतं. त्र्यंबकराव मामाच्या घरी वाढले. आई-बाप नसलेलं पोर, पानात पडेल ते खायचं आणि मामीने बघितलं की छान म्हणायचं. छान म्हटलं की दुसऱ्या दिवशी पान मांडलं जायचं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. मामी जाऊन वीस वर्षं झाली, पण यांच्या जिभेवरून काही उतरली नाही. त्याचा बाईंना संताप यायचा, आणि संताप आला की रडूही यायचं, आणि रडू आलं की आणखी संताप यायचा.

बाईंनी नवरीच्या कोपराला हात लावला. “काय गं, कधीपासून बसलीस इथे?”

“कटलेट आलं तेव्हापासून,” नवरी म्हणाली.

“कसं आहे?”

नवरीने आधी तुळाजीकडे बघितलं. “छान आहे,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “मामंजी म्हणाले, चारचौघांत कुरकुर करू नये.”

“आणि मामंजी कुठे आहेत?”

“ते जेवून गेले. त्यांचं मटण परत पाठवलं होतं त्यांनी.”

बाई ताडकन उठल्या. पंगतीत सगळ्यांचं आटपायच्या आत उठू नये, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं, जन्मभर त्यांनीच दुसऱ्यांना शिकवलं होतं. पण ही कसली पंगत! त्या टेबलाच्या कडेने नवऱ्याकडे चालू लागल्या. गोरा म्हातारा गेला, नवरी गेली, हवालदार गेला, मग पुन्हा गोरा म्हातारा आला, नवरी आली, हवालदार आला. तीनदा असं झालं. चौथ्यांदा त्यांची स्वतःचीच खुर्ची आली, पाठीवर त्यांचीच शाल होती. पाय दुखत होते. त्या बसल्या.

“तुळाजी, हा काय प्रकार आहे?”

“आमची जुनी रीत आहे, मॅडम,” तो म्हणाला. आवाजात ना उर्मटपणा ना माया. “सगळं छान म्हणणारं गिऱ्हाईक आम्ही जाऊ देत नाही. हॉटेल जुनं कसं राहतं? गिऱ्हाइकामुळेच ना. एक जरी पदार्थ साहेब मनापासून नको म्हणाले, तर टेबल पुन्हा दोघांचं होईल. शेवटच्या पदार्थापर्यंत छानच म्हणाले, तर मग ते टेबलाचेच.”

“आणि मी?”

“तुम्ही पाचच्या गाडीने घरी जाऊ शकता. तुमच्या पुष्कळ तक्रारी आहेत.”

घरी! एकटीने! दाराला कुलूप काढायचं, दोन कप चहा टाकायचा आणि मग लक्षात यायचं की एकच टाकायला हवा होता? बाईंनी टेबलावर अशी थाप मारली की हवालदाराच्या बशीतला वाटाणा उडाला.

“अहो, ऐकलंत का? नको म्हणा! कशालाही नको म्हणा!”

“काय?” त्र्यंबकराव म्हणाले.

“नको म्हणा!”

“तू घे ना आणखी, लाजतेस काय!”

मटण आलं, चिवट. “छान.” पाव आला, त्याला बुरशीचा वास. “छान.” बिअर आली, तिच्यात माशी पोहत होती. त्र्यंबकरावांनी माशी बोटाने अलगद काढून टेबलाच्या कडेला वाळत ठेवली आणि म्हणाले, “छान, गार आहे.” खुर्च्या येत राहिल्या. छत्री घेतलेले एक मास्तर, जुळ्या बहिणी, पायलटची टोपी घातलेला मनुष्य. सगळी माणसं सभ्य. असल्या सभ्य माणसांनीच जग नासवलंय, असं बाई मोठ्याने म्हणाल्या. जुळ्या बहिणींनी मान डोलावली आणि पाव खाल्ला.

आता त्र्यंबकराव अंगठ्याएवढे दिसत होते. निळा शर्ट तेवढा ओळखू येत होता. तो शर्ट बाईंनीच आणलेला, गळ्याला घट्ट होता, आणि तो कसा बसतोय विचारल्यावर ते काय म्हणाले होते ते सांगायला नको.

तुळाजी आला. “शेवटचा पदार्थ,” तो म्हणाला आणि बाईंच्या पुढे पातेलं ठेवलं.

पातेलं बाईंचं होतं. कडेला पोचा, एक कान सैल, बुडाला त्यांनी कधी न पाहिलेल्या सासूबाईंचं नाव कोरलेलं. आत वालाचं बिरडं होतं.

“हे तुम्हाला कुठे मिळालं?”

“साहेबांसाठी आहे. आधी तुम्ही चाखायचं. केलंय तुम्ही.”

बाईंनी चमचाभर घेतलं आणि त्यांना तो दिवस जिभेवरच आठवला. लग्नानंतरचा तिसरा दिवस. रात्रभर भिजवलेले, फडक्यात बांधून मोड आणलेले वाल त्यांनी एकेक करून सोलले होते. नारळाचं दूध काढलं होतं. पातेलं चुलीवर, आणि तेवढ्यात शेजारच्या बायका नवी सून बघायला आल्या. परत येईपर्यंत बिरडं बुडाला लागलेलं. ते तसंच वाढलं. त्र्यंबकराव दोनदा मागून जेवले आणि म्हणाले, छान. मग बाई स्वतः जेवायला बसल्या, पहिलाच घास तोंडात घातला आणि उठून मोरीत थुंकल्या.

बिरडं करपल्याचं दुःख त्या संध्याकाळपर्यंत विसरल्या. दुसरं विसरल्या नाहीत. त्यानंतर अडतीस वर्षं त्यांनी या माणसाला रांधून घातलं. कधी हात चांगला लागला, कधी बिघडला, दोन्ही दिवशी उत्तर एकच. आपल्या हाताला चव आहे की नाही, हे त्यांना आजतागायत कळलं नव्हतं. नावडतीचं मीठ अळणी, हे ठीक आहे हो, निदान मीठ चाखलं तरी जातं. पण जिला जन्मभर नुसतं छानच ऐकावं लागलं, तिने कुणाकडे दाद मागायची?

“हे करपलेलं आहे,” बाई तुळाजीला म्हणाल्या.

“हो मॅडम.”

“हे त्यांना देऊ नका. मी दुसरं करून देते. पाच मिनिटं द्या, तुमचं स्वयंपाकघर कुठे आहे?”

“दुसरं चालत नाही,” तुळाजी म्हणाला.

त्याने पातेलं नवरीकडे दिलं. नवरीने ते हवालदाराकडे दिलं, हवालदाराने मास्तरांकडे. हातोहात पातेलं निघालं. सैल कान प्रत्येक हातात वाजत होता आणि बाईंना तो आवाज खूप लांबवर जाईपर्यंत ऐकू येत होता. त्या खुर्चीवर चढून उभ्या राहिल्या. एकसष्टाव्या वर्षी, शालू नेसून, भर हॉटेलात.

“अहो! ते करपलंय! करपलंय म्हणा!”

अंगठ्याएवढ्या त्र्यंबकरावांनी वर बघितलं. त्यांनी पातेलं ओळखलं होतं, कारण त्यांनी पोच्यावरून बोट फिरवलं. घरी ते रोज असंच फिरवायचे.

“तेव्हाही करपलं होतं!” बाई ओरडल्या. “मला माहीत आहे! मी थुंकले होते! अडतीस वर्षं मला माहीत आहे!”

त्र्यंबकरावांनी चमचा भरला आणि तोंडात घातला.

“मला वाईट वाटणार नाही!” बाई म्हणाल्या. मग त्यांनाच स्वतःची चीड आली, कारण आज तरी खोटं नको होतं. “वाटेल! फार वाईट वाटेल! वाटू दे! तुम्ही म्हणा!”

ते चावत राहिले. आजवर ते इतका वेळ कधी चावत राहिले नव्हते, एरवी गिळायच्या आतच शब्द तयार असायचा. सगळं टेबल जेवायचं थांबलं. गोऱ्या म्हाताऱ्याने हॅट काढून मांडीवर ठेवली. नवरीने मुंडावळ्या बाजूला सारून तिकडे बघितलं.

त्र्यंबकरावांनी चमचा खाली ठेवला. त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि त्यांचे ओठ हलले. शब्द एकच होता, लहानसा.

एवढ्या लांबून तो यायला वेळ लागणार होता. तिकडच्या टोकाचा पहिला पेला किणकिणला, मग त्याच्या अलीकडचा, मग पायलटच्या बशीतला काटा हलला. बाई खुर्चीवर उभ्याच होत्या. तुळाजी त्यांच्या शेजारी येऊन थांबला. त्याने दोन्ही हातांनी एक खुर्ची जमिनीपासून वीतभर उचलून धरली होती, आणि या खेपेला ती रिकामी होती. मान तिरकी करून तो ऐकत होता. जुळ्या बहिणींचे पेले किणकिणले. मास्तरांचा पेला किणकिणला. नवरीच्या बांगड्या वाजल्या.