आई, माय, मी

“ओठ हलवून वाच. नुसत्या डोळ्यांनी वाचलंस, तर सगळं चुकलेलंच दिसेल तुला.”

कादंबरीची प्रुफं हातात देताना आईनं एवढंच बजावलं होतं. “हो गं, मोठ्यानं वाचीन,” असं लेकीनं कबूलही केलं होतं, आजारी माणसाचं मन मोडू नये म्हणून. आता जेवणाच्या टेबलाशी ती लाल पेन घेऊन बसली होती, ओठ मिटून. बावीस वर्षं लोकांची पुस्तकं तिनं अशीच तपासली होती. चार वाजता छापखान्याचा माणूस पानं न्यायला येणार होता.

शेवटची प्रकरणं आईनं अर्धांगाचा झटका आल्यानंतर डाव्या हातानं लिहिलेली. शब्द इकडचे तिकडे होतील, असं डॉक्टर म्हणाले होते. झालेच होते. कादंबरीतली देवी वाटेवर उभी राहून नुसतं “मा” म्हणते. एका वाटसरूला त्यात आई ऐकू येते. दुसऱ्याला संस्कृतातलं ‘नको’ ऐकू येतं आणि तो आल्या पावली परततो. पुढच्या पानावर देवीच्या अंगावरून काना-मात्रा गळतात, पोरं त्या ओंजळीत वेचतात.

समोर दादा शाळेच्या उत्तरपत्रिका तपासत होता.

“किती निघाल्या चुका?”

“पानोपानी.”

“काढून टाक. लोक म्हणतील, म्हातारी बरळते. या वयात तिची शोभा नको.”

“मास्तर, तुम्ही तुमचे पेपर बघा.”

म्हणाली खरी, पण पेन त्याच्याच म्हणण्याप्रमाणं चाललं होतं. ‘मा’ची ‘माता’ झाली. गळणाऱ्या मात्रा गेल्या. शेवटच्या पानावर एक मूल विचारतं, तू कोण? देवी सांगते, “आई. माय. मी.” दोन शब्द सरळ, तिसरा भलताच. तिनं ‘मी’ खोडून समासात ‘माता’ लिहिलं.

लिहिलं, आणि हात अडला. निदान एक ओळ तरी दिल्या शब्दाखातर वाचावी, म्हणून तिनं ओठ उघडले.

“आई. माय. मी.”

“यू, युअर, यू,” दादा मान वर न करता म्हणाला. “ही, हिज, हिम.”

मग त्याचंही पेन थांबलं.

“काय वाचलंस? परत वाच बघू.”

तिनं परत वाचलं. दादानं चष्मा काढला.

“पाचवीत मी ओट्याशी उभा राहून हेच घोकायचो. आय, माय, मी. आई भांडी घासता घासता म्हणायची, ‘काय रे, इंग्रजीतसुद्धा माझ्याच नावानं ओरडतोस होय?’”

दोघंही हसले.

“तिला आठवतंय,” दादा म्हणाला.

तिनं ‘माता’वर रेघ मारली. खोडलेल्या ‘मी’खाली एकेक करून टिंबं दिली : होतं तसं ठेवा. मग मागची पानं चाळली. सगळीकडे लाल.

“छापखान्याला फोन कर. म्हणावं, उद्या या.”

“आणि तू?”

तिनं पानं टेबलावर आपटून सारखी केली, पहिलं पान वर घेतलं. एका हातात खुर्ची, काखेत पानं, असं आतल्या खोलीचं दार तिनं पायानंच लोटलं. आई जागीच होती. दादाला तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मागोमाग पहिल्या ओळीचा.