विषय: कोंबडा आरवण्याबाबत

महापालिकेच्या आवाज-तक्रार विभागात साहेबांनी एकतीस वर्षं काढली. पिठाच्या गिरण्या, जनरेटर, कारखान्यांचे भोंगे, सगळ्यांना त्यांनी नोटिसा धाडल्या. पण नाव झालं ते कोंबड्यांमुळे. रहिवासी भागात कोंबड्या पाळायला कुणाची ना नव्हती. कोंबडा मात्र चालणार नाही, हा नियम साहेबांनी स्वतः लिहिला होता आणि त्यापायी शहरातले दीडशेएक कोंबडे परागंदा झाले होते. "अंडं द्यायला कोंबडा लागत नाही," असं ते सुनावणीत म्हणत आणि पुढची फाइल उघडत.

ते निवृत्त झाले, पण बायकोची प्रसूती विभागातली नर्सची नोकरी अजून चालू होती. दमून घरी यावं तर स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावलेले आणि झाकणांवर अनुक्रमांक. तिसऱ्या महिन्यात तिने हात टेकले.

"अहो, तुम्ही काहीतरी पाळा," ती म्हणाली. "म्हणजे मला पाळायचं सोडाल."

ती सहा पिल्लं घेऊन आली. सगळ्या माद्याच आहेत, असं विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

साहेबांनी परसात खुराडं बांधलं, जमिनीपासून हातभर उंच, बोका शिरू नये म्हणून बारीक जाळीचं. तळाला लाकडाचा भुसा पसरला. अंड्याचं कवच घट्ट व्हावं म्हणून शिंपल्यांचा चुरा करून ठेवला. पाचव्या महिन्यात एका सकाळी सहातली एक कोंबडी खुराड्याच्या छपरावर चढली, मान ताणली आणि फाटक्या पिपाणीसारखी वाजली.

"घसा बसलाय तिचा," साहेब म्हणाले.

"तिचा नाही, त्याचा. जन्म गेला माझा मुलगा की मुलगी सांगण्यात."

नियमाप्रमाणे कोंबडा सात दिवसांत हलवायला हवा होता. साहेबांनी स्वतःला सात दिवसांची मुदत दिली, मग मुदतवाढ दिली, मग मुदतीचा विषय काढणं सोडून दिलं. कारण तोवर कोंबडा त्यांच्या चपलेवर येऊन बसायला लागला होता. किडा सापडला तर स्वतः खात नसे. आधी कुटकुट करून कोंबड्यांना बोलवी आणि बाजूला उभा राही.

"एकतीस वर्षांत मला असा एक वरिष्ठ मिळाला नाही गं," साहेब बायकोला म्हणाले.

पहाटे आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी त्याच्यावर डालगं उपडं घातलं, वर गोणपाट टाकलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे त्यांना माहीत होतं. आरवायचंही राहत नाही, हे त्यांना आता कळलं. उलट डालग्यात आवाज घुमायचा.

ते तक्रारीची वाट बघत राहिले. तक्रार आली नाही. शेवटी शेजारच्या शिवणकामवाल्या ताईच कुंपणाशी आल्या.

"साहेब, तुम्हीच ठेवलाय म्हणजे नियम उठला असणार."

नियम उठला नव्हता. पण तसं सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. साहेब म्हणाले, "नियमांमध्ये बदल होत असतात." यात खोटं काहीच नव्हतं.

दोन महिन्यांत गल्लीत सात कोंबडे झाले. समोरच्या कुलूपवाल्यांचा चार वाजताच सुरू होई, त्याला ताईंचा उत्तर देई, आणि मग एकेक करून सगळे आपलं म्हणणं मांडत. साहेबांची झोप उडाली. बायको मात्र शांत झोपे. प्रसूती विभागानंतर तिला हा आवाज म्हणजे काहीच नव्हता.

"आपला कसा, वेळेवर आणि मोजकं आरवतो," साहेब डोळे चोळत म्हणायचे. "बाकीच्यांना काही शिस्त?"

एका सोमवारी ते आपल्या जुन्या ऑफिसात गेले. त्यांच्या खुर्चीवर आता त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या मॅडम बसत होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. साहेबांनी तक्रार अर्ज पुढे केला. सहा घरं, सहा कोंबडे. मॅडमनी तो वाचला आणि मग साहेबांकडे पाहिलं.

"सर, बाहीला पीस लागलंय."

साहेबांनी पीस झटकलं.

"एकूण सात आहेत का, सर? अर्धवट तक्रार घ्यायची नाही, असं तुम्हीच शिकवलंत."

साहेबांनी अर्ज परत ओढला आणि सातव्या ओळीत स्वतःचा घर क्रमांक लिहिला. तक्रारदाराचं नाव गुप्त राहतं, हीही त्यांनीच घातलेली अट. तेवढा एक आधार होता.

आठवड्याभरात सातही घरांना नोटिसा आल्या आणि सगळी गल्ली साहेबांच्या परसात जमली.

"साहेब, तुम्हालासुद्धा?" ताई म्हणाल्या. "कोण मेला असेल हो हा?"

"गल्लीतलाच कुणीतरी जळका," कुलूपवाले म्हणाले.

"असतात अशी माणसं," साहेब म्हणाले.

"आता उत्तर तुम्हीच लिहायचं. आमचं दुसरं कोण आहे?"

साहेबांनी डोळ्यांचं कारण सांगितलं. ताईंनी स्वतःचा चष्मा काढून दिला. मग त्यांना बसावंच लागलं. नियमात एक भोक होतं, ते नियम लिहिल्यापासून एकोणीस वर्षं फक्त त्यांना माहीत होतं. नियम होता निव्वळ रहिवासी भागासाठी. या गल्लीत तर ताईंचं शिवणयंत्र होतं, कुलूपवाल्यांची कानस होती. घरोघरी काहीतरी खटखट चाललेलं. ही गल्ली निव्वळ रहिवासी ठरतच नव्हती. साहेबांनी हे तीन पानांत असं मांडलं की एक शब्द खोडावा लागला नाही. इतका चांगला मसुदा त्यांनी नोकरीत कधी केला नव्हता.

पंधरा दिवसांनी दोन लिफाफे आले. बायकोची सुट्टी होती, तिनेच ते फोडले आणि चहाच्या कपाशेजारी ठेवले.

"अहो, हे कोंबड्याच्या मालकाला. तुम्ही जिंकलात."

"बरं झालं."

"आणि हे तक्रारदाराला. तुम्ही हरलात."

साहेबांनी चहाकडे पाहिलं. "गल्लीत सांगणार आहेस?"

"मला काय करायचंय. पण एक सांगा, ते उत्तर जरा कच्चं ठेवता आलं असतं ना?"

"सगळे समोर बसले होते गं," साहेब म्हणाले. "ताई तर चष्म्याशिवाय. कच्चं कसं लिहू?"

तिने त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला आणि दुसरा लिफाफा उचलून आपल्या पर्समध्ये ठेवला.

संध्याकाळी गल्ली आभार मानायला आली. ताईंच्या हातात भोकं पाडलेलं खोकं होतं. आत लालभडक तुऱ्याचा तरणाबांड कोंबडा, सगळ्यांनी मिळून आणलेला.

"तुमच्यासाठी, साहेब. आवाज काय आहे म्हणता, दोन गल्ल्या पलीकडे जाईल."

साहेबांनी दोन्ही हातांनी खोकं घेतलं आणि सर्वांचे आभार मानले. दोन कोंबडे एका खुराड्यात नांदत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ते जाळी आणायला गेले.