माझ्या पोटातला दिवा आणि चोवीस अंडी

मित्रांनो, मी एक जुना टेस्टर आहे. दिसायला स्क्रू-ड्रायव्हरसारखा, पण तो बिचारा माझा आंधळा चुलतभाऊ. माझ्या पारदर्शक पोटात दाण्याएवढा दिवा आहे. तारेला माझं टोक टेकवलं आणि डोक्यावर बोट ठेवलं, की तारेत वीज असल्यास तो तांबडा पेटतो. एकदा आभाळ गडगडत असताना माझ्या मालकाच्या खिशातून मी नुसतं डोकं वर काढलं, तर अख्खा ढग घाबरून दुसऱ्या गावावर जाऊन बरसला. पटत नसेल तर त्या ढगाला विचारा.

माझा जन्म कारखान्यात झाला. आम्ही बारा भाऊ एकाच पुठ्ठ्यावर टाचून दुकानात टांगलेले होतो. एका वायरमनने मला निवडून घरी नेलं. तिथे त्याच्या रांगत्या मुलीने, तोंडात उणेपुरे दोन दात असताना, माझी मूठ कचकन चावली. वायरमन हसला आणि त्या जखमेवर त्याने निळी चिकटपट्टी गुंडाळली. पुढे कितीतरी वर्षं मी त्याच्या खिशात पेनाशेजारी राहिलो. कुठलाही बोर्ड उघडण्याआधी तो म्हणायचा, "आधी याला विचारायचं, मग हात लावायचा." एवढा मान तर पेनालाही नव्हता.

मग एका घरी तो इन्व्हर्टर बसवायला गेला. त्या घरातले आजोबा नुकतेच नोकरीतून निवृत्त झाले होते आणि घरातल्या प्रत्येक यंत्राचे साहेब झाले होते. ते म्हणाले, "टेस्टर राहू दे दोन दिवस माझ्याकडे. नंतर देतो." मित्रांनो, 'नंतर' हा शब्द दिसतो तीन अक्षरांचा, पण त्याची लांबी दहा वर्षं निघाली. मी खणात पडलो. सोबतीला संपलेले सेल, किल्ली हरवलेलं कुलूप आणि एक रबरबँड, जो रोज थोडा थोडा तुटायचा.

पण इथेच खरी गोष्ट सुरू होते.

त्या घरातल्या सुनेने अंडी उबवायची विजेची पेटी आणली. आत चोवीस अंडी. एकवीस दिवस सारखी ऊब मिळाली की पिल्लं बाहेर येणार. तिला कोंबड्या पाळायच्या होत्या आणि हा तिचा पहिलाच घाणा होता. आजोबांनी पहिल्या दिवसापासून टोमणे सुरू केले. "कोंबडीच्या जागी खोकं! उद्या सुनेच्या जागी कपाट आणाल."

"कपाट उलटून बोलत नाही बाबा, तुम्हाला करमायचं नाही," सून म्हणाली.

एकोणिसाव्या दिवशी दुरुस्तीसाठी नऊ ते पाच वीज बंद राहणार होती. सुनेला चिंता नव्हती. इन्व्हर्टरवर दिवे, पंखे आणि कोपऱ्यातला एक सॉकेट चालायचा. वीज गेली, पंखे फिरत राहिले. तिने पेटी उचलून कोपऱ्यात नेली, प्लग लावला, बटण दाबलं. पेटी ढिम्म.

"बाबा, हा सॉकेट चालत नाहीये!"

आजोबांनी रुबाबात खण उघडला आणि दहा वर्षांनी मला उजेड दिसला. त्यांनी माझं टोक सॉकेटच्या एका भोकात घातलं. मी आनंदाने असा पेटलो, की स्वयंपाकघरातली भांडी तांबडी दिसू लागली असतील.

"बघ! वीज आहे. तुझी पेटीच मेली."

"सकाळपर्यंत तर चालत होती."

"माणसंही सकाळपर्यंत चालत असतात."

सुनेचा चेहरा उतरला. पेटीतला पारा साडेसदतीसवरून छत्तीसवर आला होता. आत चोवीस जीव होते. एका अंड्यातून तर टकटक ऐकू येत होती. तिने गरम पाण्याच्या बाटल्या पेटीत ठेवल्या, वरून शाल गुंडाळली आणि वायरमनला फोन लावला. आजोबा उगाच खिडकीशी जाऊन उभे राहिले.

दारात आली ती वायरमनची मुलगी. बाप थकला होता, धंदा आता ती बघत होती. पारा चौतीसवर होता.

"टेस्टर पेटतोय, म्हणजे सॉकेट ठीक आहे," आजोबांनी आल्या आल्या निकाल दिला.

"काका, वीज एका तारेने येते आणि दुसरीने परत जाते. टेस्टरला येणारी कळते. परतीची वाट तुटलीय का, हे त्या बिचाऱ्याला कसं कळणार?" तिने पिशवीतून दोन तारा जोडलेला बल्ब काढला आणि सॉकेटच्या दोन्ही भोकांत तारा लावल्या. बल्ब पेटला नाही. "परतीची तार गेलीय."

मित्रांनो, मी खणातल्या खणात मरून का गेलो नाही, असं मला झालं. आयुष्यभर खरं बोललो म्हणून मिरवलो आणि ते खरं निघालं निम्मं!

"मेन मी बंद करून ठेवलाय," आजोबा म्हणाले. "उघड बिनधास्त."

तिने बोर्डाचे स्क्रू काढले. आत हात घालणार, तेवढ्यात थांबली. टेबलावरून मला उचलून तिने येणाऱ्या तारेला टेकवलं.

मी पेटलो.

"काका! मेन बंद करून काय उपयोग? इन्व्हर्टर जागाच आहे की! त्याची वीज बॅटरीतून येते."

आजोबांच्या कपाळावर घाम आला. तिने इन्व्हर्टरही बंद केला, मला पुन्हा टेकवलं, आणि या वेळी मी पेटलो नाही. पोटात काळोख ठेवून एवढं मोठं काम करता येतं, हे मला त्या दिवशी समजलं.

आतली परतीची तार काळी पडून सॉकेटपासून सुटली होती. "इथे काहीतरी जड चालवलंय. रोज." तिची नजर आजोबांवर फिरली आणि थबकली. "काका, शर्टाच्या एकाच बाहीला इस्त्री कशी?"

सुनेने शालीवरचा हात काढला. या सॉकेटवर इस्त्री लावायची नाही, असं ती कितीदा बजावून चुकली होती.

"कोपऱ्यातलं टेबल बरोबर उंचीचं आहे गं," आजोबा हळू आवाजात म्हणाले. "सकाळी उजवी बाही झाली आणि चट् झालं. बोललो नाही. वाटलं, तू रागावशील."

"रागावलेच असते," सून म्हणाली. "पण सकाळीच सांगितलं असतंत, तर पिल्लं गारठली नसती."

मुलीने जळकी तार मागे कापली, नवा सॉकेट बसवला, इन्व्हर्टर चालू केला. पेटीतला दिवा लागला. पारा तेहतीसवरून एकेक घर चढू लागला. तिघंही पाहत बसली. आजोबांनी तर चष्मा पेटीलाच टेकवला होता.

निघताना तिने मला पुसून आजोबांपुढे धरलं, आणि बोटाखाली पट्टी सरकली. खाली दोन दातांचे ठसे. ती बघतच राहिली.

"हा बाबांचा आहे. या दातांची गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय."

"घेऊन जा, पोरी," आजोबा म्हणाले. "नंतर देतो म्हटलं होतं. आज नंतर झालं."

तिसऱ्या दिवशी ती मला खिशात घालून मुद्दाम त्या घरी गेली. चोवीसपैकी सतरा पिल्लं निघाली होती. सगळ्यात पहिलं आजोबांच्या तळहातावर बसून त्यांच्या बाहीला चोच मारत होतं. दोन्ही बाह्या चुरगळलेल्या होत्या. एका दिवसात ते कोंबडीएवढं झालं आणि त्याने मला 'मामा' म्हटलं, असं मी शपथेवर सांगतो.

ते सोडा, पण हे मात्र पक्कं धरा. विजेच्या भोकात तुम्ही स्वतः काही घालू नका. ते काम जाणत्याचं. मागून आणलेली वस्तू परत करा. खणात तिचा जीव घुसमटतो. आणि सॉकेटमध्ये कधी चट् झालं, वास आला, काळं पडलेलं दिसलं, तर त्याच घटकेला मोठ्यांना सांगा. फार तर ओरडा बसेल. ओरड्याने आजवर कुणाची तार जळलेली मी पाहिली नाही, आणि मी ढग पाहिलेत.